विषय: शनिवारच्या पालकसभेचं पत्रक, शीर्षक आज रात्रीपर्यंत हवं

मंडळी,

पत्रक आज रात्री पाठवायचंच आहे आणि गाडी अजून शीर्षकावर अडली आहे. मसुद्यात 'कॉलेजमधल्या मुलांसाठी मानसिक समुपदेशन: पालकांना ओळख' असं आहे. कार्यकारिणीतल्या दोघांना ते नको, त्यांना 'ताणतणाव व्यवस्थापन' हवंय. समुपदेशक बाईंनी प्रश्न आधी मागवले होते. नऊ आले, त्यातले सहा एकच: आमचं मूल तिथे काय बोलतं ते आम्हाला कसं कळणार? बाई म्हणाल्या, सुरुवात तिथूनच करू.

आठच्या आत मतं कळवा.
– चिटणीस

---

'ताणतणाव'च ठेवा. 'मानसिक' वाचलं की लोक आधी हेच विचारणार, त्यांच्या घरी काय झालं म्हणून गेले? ज्याच्या घरी खरंच काही चाललंय तो याच भीतीने येणार नाही, आणि सभा तर त्याच्यासाठीच आहे ना?

दुसरं. फी आपण भरतो, इथे अमेरिकेत 26व्या वर्षापर्यंत मूल आपल्या आरोग्यविम्यावर राहू शकतं, आणि आपल्यालाच काही सांगायचं नाही? मला हे पटत नाही. सभेत मी विचारणार आहे.
– अण्णा

---

चिटणीस, शनिवारी दोन ते चार ही वेळ मराठी शाळेची आहे. पालकसभा आजवर शाळाच घेत आली. या वेळी आम्हाला पत्रकाच्या मसुद्यावरून कळलं. विषय महत्त्वाचा आहे म्हणून वर्ग मागच्या खोलीत हलवते, पण पुढच्या वेळी आधी विचारा.

अण्णा, फेर्पा हा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा इथला कायदा 1974चा आहे. मूल 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा पालकांचा हक्क मुलाकडे जातो, फी कोणीही भरो. करासाठी मूल आपल्यावर अवलंबून असेल तर कॉलेज मार्क वगैरे दाखवू शकतं, पण तशी सक्ती त्याच्यावर नाही. समुपदेशनाच्या नोंदी तर त्याहून वेगळ्या, त्यांना गोपनीयतेचे स्वतंत्र नियम आहेत. जिवाला धोका दिसला तर मात्र समुपदेशक गप्प बसत नाहीत.
– शाळेच्या ताई

---

अण्णांनी विम्याचं काढलं म्हणून लिहिते. इथे कधी सांगितलं नव्हतं.

मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. विमा कंपनीचं पाकीट आलं, यांच्या नावाने. मी नेहमीच्या कागदांसारखं उभ्याउभ्या फोडलं. वर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही', खाली मुलाचं नाव, चार तारखा आणि त्या प्रत्येकीपुढे मानसोपचार. चारही मंगळवार. मंगळवारी रात्री तो आम्हाला फोन करायचा आणि हसून बोलायचा.

मी तिथूनच फोन लावला. पहिलं वाक्य काय बोलले ते मला पाठ आहे: "आम्हाला सांगायचं सोडून परक्या माणसाला काय सांगतोस?" तो म्हणाला, काही नाही गं, झोप येत नव्हती. त्यानंतर पाकीट आलं नाही. मला वाटलं, बरा झाला. त्याने जाणंच बंद केलं होतं, हे मला सात महिन्यांनी कळलं.

बाईंना हे जरूर सांगायला सांगा की कॉलेजच्या केंद्रातल्या भेटी बहुतेक ठिकाणी विम्यावर जात नाहीत, बाहेरच्या उपचारांच्या जातात, आणि कागद विमा ज्याच्या नावावर त्याच्याकडे येतो. तो दुसऱ्या पत्त्यावर पाठवा अशी विनंती मुलं कंपनीला करू शकतात. पाकीट आलंच तर लगेच फोन करू नका. एक रात्र जाऊ द्या.

आणि शीर्षकातून शब्द काढू नका. पत्रक मुलंही वाचतात.
– माई

---

माई, वाचलं. दोनदा वाचलं.

पण मग पालकाने करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं?
– अण्णा

---

अण्णा, नाही. मी कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात काम करते, म्हणून सांगते.

गोपनीयतेचं बंधन केंद्रावर आहे, तुमच्यावर नाही. फोन करा. तुमचं मूल येतं की नाही हेसुद्धा आम्ही सांगणार नाही, पण ऐकून नक्की घेऊ. जे पाहिलंत ते सांगा: दोन आठवडे झोपत नाही, वर्गाला जात नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय. निदान सांगू नका, बघितलेलं सांगा. मात्र तुम्ही फोन केलात हे आम्ही मुलाला सांगू शकतो, तेव्हा त्याच्यापासून लपवायच्या बेताने करू नका.

मुलाने संमतीपत्र दिलं तर आम्ही तुमच्याशी बोलू शकतो. ते मर्यादित ठेवता येतं, जसं की फक्त भेटींना येतो का एवढंच, आणि मुलाला ते कधीही मागे घेता येतं. भरल्या घरात पुढे सरकवून सही घेऊ नका, ती संमती नव्हे.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. समुपदेशकाचा परवाना राज्यापुरता असतो. मूल सुट्टीत दुसऱ्या राज्यात घरी आलं की तोच समुपदेशक व्हिडिओवरही भेटू शकेलच असं नाही. उन्हाळ्याचं आधीच विचारून ठेवायला सांगा. बऱ्याच केंद्रांत भेटींची संख्याही ठरलेली असते, पुढे बाहेर पाठवतात. बाहेर पाठवलं म्हणजे प्रकरण गंभीर, असं समजून घाबरू नका. समुपदेशक औषध लिहून देत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं.

जिवाची भीती वाटली तर सभेची वाट पाहू नका. 988 ही आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट यांसाठीची हेल्पलाइन जुलै 2022पासून देशभर चालू आहे, फोन करा किंवा मेसेज, रात्री-अपरात्रीही. मुलासाठी घाबरलेल्या आईवडिलांनीही करावा. प्रत्यक्ष धोका समोर असेल तर 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर.

शीर्षकाबाबत मी माईंच्या बाजूने.

---

खुर्च्या साठच आहेत. शाळेचे वर्ग मागे गेले तर त्यांना वीस लागतील. कोणाकडे घडीच्या असतील तर कळवा.
– खजिनदार

---

मंडळी, शीर्षक असं करतेय: 'कॉलेजमधल्या मुलांचं मानसिक समुपदेशन: पालकांना काय कळेल, काय कळणार नाही'. खाली सौजन्य मराठी शाळा. अण्णा, चालेल?
– चिटणीस

---

चालेल. नऊ प्रश्नांत एक वाढवा: मूल तीन आठवडे फोन उचलत नसेल, फक्त 'बिझी आहे' एवढाच मेसेज येत असेल, तर केंद्राला फोन करून पहिलं वाक्य काय बोलायचं?

हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, दीडला येऊन उघडतो. माई, तुमच्याशी जरा बोलायचंय, आज रात्री फोन केला तर चालेल का?
– अण्णा