ग्रामसभेसाठी हिशेबनीस आणि वकील नेमताना कोणती काळजी घ्यावी?

धानोराकर :
नमस्कार. आमच्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेला असून गेल्या काही हंगामांपासून तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतःच करते. आजवर वनव्यवस्थापन समितीचे सचिवच सारे लिहीत आले. पण मे महिन्यात रोज सायंकाळी फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजून घ्यायचे, प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर आकडा चढवायचा आणि रात्री तोच आकडा नोंदवहीत उतरवायचा, हे घरची शेती सांभाळून एका माणसाला झेपणारे नाही. मागच्या हंगामात आमची वही आणि ठेकेदाराच्या दिवाणजीची वही जुळली नाही, त्यामुळे मजुरीचे वाटप तीन आठवडे रखडले. ठेकेदाराकडून ग्रामसभेला मिळायच्या रॉयल्टीचा शेवटचा हप्ताही अजून आलेला नाही. म्हणून एक हिशेबनीस, एक मदतनीस आणि एक वकील नेमावा, असा विचार पुढे आला आहे. वकिलांना महिना पगारावर ठेवावे, असे काही जणांचे म्हणणे आहे; तर एका वकिलांनी वसुलीतील दहा टक्के रकमेवर दावा चालवण्याची तयारी दाखवली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त ग्रामसेवक :
आधी एक गफलत दूर करतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६१ खाली नेमले जातात ते ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आणि त्यांचा पगार ग्रामनिधीतून निघतो. आपण नेमणार आहात ती माणसे वनव्यवस्थापनाच्या कामाची असून त्यांचे मानधन ग्रामसभेच्या कोषातून जायचे आहे. या दोन्ही प्रकारच्या नेमणुकांचे ठराव एकाच इतिवृत्तात मिसळले, तर लेखापरीक्षणात दोन्हीकडे उत्तरे देत बसावे लागते.

वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. अशा सभेतच कामाचे स्वरूप, मुदत, मानधन आणि काढून टाकण्याची रीत लिहून ठराव घ्यावा. हिशेबनीस बारावी की पदवीधर, यावर फार वाद घालू नये. उमेदवाराला फळीवरची जुनी वही हाती देऊन एका आठवड्याची बेरीज करायला सांगावे. अर्ध्या तासात माणूस कळतो. कोषाच्या खात्यावर ज्यांची सही चालते, त्यांच्या घरातला उमेदवार मात्र कितीही हुशार असला तरी घेऊ नये. नात्यागोत्याच्या गावात हे बोलायला जड जाते, हे मी नोकरीत पुष्कळदा अनुभवले आहे.

तालुका न्यायालयातील वकील :
वकिलांविषयीच्या आपल्या दोन्ही पर्यायांना नियमांचा अडसर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिली करणारी व्यक्ती कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. आणि दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा वसुलीत वाटा घेणे यालाही मनाई आहे. दहा टक्क्यांचा प्रस्ताव गावाला स्वस्त वाटला तरी तो नाकारावा, कारण आपलाच नियम बाजूला सारणाऱ्या माणसाच्या हाती गाव आपली कागदपत्रे देणार आहे. ठरावीक वार्षिक सल्ला-शुल्क आणि प्रत्येक दाव्याची वेगळी, लेखी ठरलेली फी, ही रीत सरळ आहे. त्या वकिलांनी पूर्वी याच ठेकेदाराचे काम केले आहे का, हेही विचारून घ्यावे.

आपल्या प्रकरणात मला मुदतीची अधिक काळजी वाटते. करारातील येणे रकमेच्या दाव्याला साधारणपणे देय तारखेपासून तीन वर्षांची मुदत असते आणि ‘पुढच्या हंगामात देतो’ या तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ठेकेदाराने थकबाकी लेखी मान्य करून सही केली, तर मात्र त्या तारखेपासून ती नव्याने मोजतात. तेव्हा नेमणूक होईपर्यंत थांबू नका, ते पत्र आजच मागा. आणखी एक गोष्ट: वकिलांना सूचना कोण देणार, हे ठरावात नावानिशी लिहा. समितीचे पाच जण पाच वेळा फोन करतात आणि तडजोडीला कोणी होकार दिला, हे शेवटी कोणालाच सांगता येत नाही.

कुरखेड्याहून :
अनुभवाचे एक सांगतो. आमच्या ग्रामसभेने मूळ करारनामा, फळीची वही आणि बँकेचे पासबुक, सारेच वकिलांकडे नेऊन दिले. पुढे फीवरून बिनसले आणि कागद परत मिळवण्यासाठी वर्षभर चकरा माराव्या लागल्या.

तालुका न्यायालयातील वकील :
फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. तरीही प्रती द्याव्यात, त्यांची पोच घ्यावी आणि मूळ कागद न्यायालयात दाखल करण्याच्या दिवशीच बाहेर काढावेत.

धानोराकर :
सर्वांचे आभार. वकिलांचा विषय पुढच्या ग्रामसभेत नव्याने मांडतो. ठेकेदाराला द्यायच्या पत्राचा मसुदा आज सचिवांनी लिहायला घेतला आहे. हिशेबनिसासाठी आलेल्या तीन अर्जांपैकी एक अध्यक्षांच्या पुतण्याचा आहे. तेवढे ग्रामसेवक साहेबांचे उत्तर सभेत वाचून दाखवले तर चालेल ना?

निवृत्त ग्रामसेवक :
अवश्य वाचा. फक्त अध्यक्षांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा.