ॲप त्यांचं आणि डेटा आपला, हे कसलं गणित?

भटकभवानी:
डोक्यात किडा वळवळतोय म्हणून विचारते, हसू नका. काल सेटिंगमध्ये जाऊन कुठलं ॲप किती डेटा खातंय ते बघितलं तर एका साध्या याद्या करायच्या ॲपने महिन्याभरात ९०० एमबी गिळलेत, त्यातले बरेचसे बॅकग्राउंडमध्ये, म्हणजे मी ते उघडलेलंही नसताना. जाहिराती दाखवून पैसे ते कमावणार आणि त्या जाहिरातींचे व्हिडिओ उतरवायला डेटा माझा जळणार. टोल फ्री नंबरला फोन केला की बिल कंपनीच्या नावावर, मग इथे का नाही?

सेमीकोलन:
ॲप बनवूनच पोट भरतो म्हणून सांगतो, तांत्रिकदृष्ट्या जमतं. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये स्पॉन्सर्ड डेटा म्हणून हेच आणलं होतं, बिल थेट ॲपवाल्या कंपनीला. पण आमच्यासारख्या तिघाजणांच्या टीमचं काय? सर्व्हरवरून जो डेटा बाहेर जातो त्याचे पैसे आम्ही आधीच भरतोय, त्यात तुमचेही भरायचे म्हणजे ॲप जितकं चालेल तितके आम्ही खड्ड्यात. मोठ्या कंपन्या हसत भरतील आणि लोक मग तेच फुकटवालं वापरतील, उघड आहे.

जुनंखोड:
+१. फ्री बेसिक्सचं रामायण विसरलात का? फेसबुकचीच योजना, फेसबुकसकट ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेटला मीटर चालू. शेवटी ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतात कंटेंट बघून डेटाचे वेगळे दर लावायलाच बंदी घातली. विकिपीडियानेही २०१२ मध्ये झीरो नावाने फुकट डेटाची योजना काढली होती, त्यांना तर जाहिरातीही विकायच्या नव्हत्या, तरी ओरड झालीच.

भटकभवानी:
बरं बाबा पटलं. पण ते ९०० एमबी? तीपण माझीच चूक का?

सेमीकोलन:
नाही, ती आमच्या जमातीची. आता कबूलच करतो, आमच्या ॲपमध्ये यादीत नखाएवढा फोटो दिसायचा आणि मागून यायचा अख्खा ४ एमबीचा, कॅमेऱ्यातून निघाला तसा. ४० केबीत भागलं असतं! वर एकदा उतरवलेला फोटो फोनमध्येच साठवून ठेवायचं (कॅशिंग) राहून गेलेलं, त्यामुळे स्क्रोल केलं की तोच फोटो परत डाउनलोड. आठ महिने कुणाला पत्ता नाही कारण ऑफिसात सगळे वायफायवर, शेवटी एका युजरने डेटा वापराचा स्क्रीनशॉट पाठवून जे काय झापलंय... आता रिलीजआधी वायफाय बंद करून स्वतःच्या सिमवर टेस्ट करतो. खिसा स्वतःचा असला की बग लगेच दिसतात राव.

जुनंखोड:
@भटकभवानी तोवर त्या ॲपचा बॅकग्राउंड डेटा बंद करून टाका, याद्यांना काय करायचाय.

भटकभवानी:
केला. स्क्रीनशॉटपण काढलाय, आता त्यांचा सपोर्टचा मेल शोधते.