मदत हवी आहे : टिनाचं छत असलेल्या घरातली थंडी कशी अडवायची?

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही काही पोरं-पोरी घरोघरी जाऊन रात्रीची ऊब कुठून निसटते ते पाहतोय. उदबत्तीचा धूर जिकडे ओढला जातो तिथे फट. भिंत आणि टिनामधली सगळ्यात मोठी, पण घरात चूल पेटते, ती पूर्ण बुजवली तर धूर कोंडून जिवावर बेतेल.

खरी अडचण छताची. कवेलू (मातीची कौलं) काढून टिना टाकलेल्या घरांत म्हाताऱ्या माणसांचे पहाटे फार हाल होतात. खालून धानाच्या तणसाचा थर द्यावा, तर आगीची अन् उंदरांची भीती, थर्माकोलही पेटतो. स्वस्त, सहज न पेटणारं आणि उन्हाळ्यातही कामी येणारं काही कोणी करून पाहिलंय का? फोटो असतील तर नक्की टाका, डिसेंबरच्या आत काम उरकायचं आहे.