मदत हवी आहे: परसात ऑफसेट स्मोकर करून घ्यायचाय, काय घेऊ आणि काय सोडू?

नमस्कार मंडळी,

मी जालन्याचा. घरामागं पंधरा बाय तीस फुटांची मोकळी जागा आहे. एका कोपऱ्यात आईची तुळस, दुसऱ्यात पाण्याची टाकी, मधी काहीच नाही. तिथं एक ऑफसेट स्मोकर बसवायचं डोक्यात घेतलंय आणि गेले दोन महिने त्याच नादात आहे. बायको म्हणते, ट्रॅक्टर घेतानाही एवढा विचार केला नव्हतास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक आडवं लोखंडी नळकांडं, त्याच्या एका टोकाला जरा खालच्या बाजूनं लाकडं जाळायची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. विस्तव मांसाच्या खाली नसतो, बाजूला असतो. गरम हवा आणि धूर मांसावरून ओढला जातो, आत ११० ते १३० अंश सेल्सिअस ठेवायचं आणि तासन् तास वाट बघायची. तंदूरच्या अगदी उलटा कारभार. हा प्रकार टेक्ससचा. तिथं तेलाच्या धंद्यात पडून राहिलेल्या जाड पाईपांपासून असे स्मोकर करायचे, म्हणून अजूनही त्याचा आकार पाईपसारखाच असतो.

माझा मेव्हणा ह्यूस्टनला असतो. दोन वर्षांमागं गेलो होतो तेव्हा त्याच्या घरामागं पहाटे चारला उठून आम्ही दोघं लाकडं सारत बसलो होतो. थेट हुरड्याच्या आगटीची आठवण आली. फरक एवढाच की आगटीत गोवऱ्यांचा आर अन् कणसं, इथं ओकची लाकडं अन् गुराच्या छातीचा पाच-सहा किलोचा तुकडा. आपल्याकडं तो विषय नाही. मला करायचीय बोकडाची रान (मांडी), खांदा आणि कोंबडी. महिन्यातून दोनदा, दहा-बारा माणसांचं. हॉटेल काढायचं नाही.

आता खरी अडचण. इथल्या फॅब्रिकेशनवाल्यानं भाव किलोवर सांगितलाय, माल-मजुरीसकट १३० रुपये किलो. त्यामुळं प्रत्येक गोष्टीचं वजन झालंय. मी विचारलं "जाड पत्रा घ्यावा का?" तर तो म्हणतो घ्या. "आत अजून एक प्लेट टाकावी का?" टाका. "खाली फळी?" लावा की. किलोवर पैसे घेणारा माणूस नाही कशाला म्हणेल!

मी वहीत हिशोब मांडलाय, चूक असेल तर सांगा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो, म्हणजे ६ मिमीचा ४७ किलो. नळकांडं ५० सेंटिमीटर व्यासाचं आणि एक मीटर लांब धरलं तर दोन्ही टोकांच्या झाकणांसकट ९२ किलो. आतली जागा जवळपास २०० लिटर. जळणाची पेटी त्याच्या एक तृतीयांश असावी असं सगळीकडं वाचलं, म्हणून ४० सेंटिमीटरची चौकोनी पेटी, ६४ लिटर, वजन ४५ किलो. झाले १३७ किलो, म्हणजे अठरा हजार. पाय, धुराडं, जाळ्या वेगळ्या. सगळं ३ मिमीमध्ये केलं तर निम्म्यात बसतं. माझं बजेट सगळं धरून वीस हजार, त्यावर एक रुपया गेला तर घरात तिसरं महायुद्ध.

तर विचारायचंय ते असं. ६ मिमी खरंच लागतो का? टेक्ससवाले पाव इंचाच्या खाली बोलतच नाहीत, पण तिकडं हिवाळ्यात गारठा असतो. आपल्याकडं मे महिन्यात पत्रा उन्हातच ताव खातो.

दुसरं म्हणजे रिव्हर्स फ्लो. यात मांस ठेवायच्या जाळीच्या खाली पूर्ण लांबीची प्लेट असते. धूर तिच्याखालून पलीकडच्या टोकाला जातो, वळून मांसावरून परत येतो आणि धुराडं पेटीच्याच बाजूला असतं. म्हणे उष्णता सगळीकडं सारखी मिळते. माझ्या मापात ती प्लेट वीस किलोची होते, म्हणजे २,६०० रुपये. घालावी का?

चाकं मात्र पाहिजेतच, त्यावर चर्चा नको. आई माळकरी आहे. तिची अट अशी की एकादशीला आणि पूर्ण श्रावणात ते "धूड" तुळशीच्या नजरेआड असलं पाहिजे. दीड-पावणेदोनशे किलोचं धूड.

थर्मामीटर, चरबी निघायची तोटी, रंग, धुराड्याची उंची यांबद्दलही कुणी अनुभवाचं सांगितलं तर उपकार होतील. व्हिडिओ भरपूर बघून झालेत, कृपया लिंका नकोत.

प्रतिसाद १

भाऊ, मी लातूरचा. तुमच्याआधी खड्ड्यात पडलोय म्हणून लिहितो.

मी तीन वर्षांमागं ३ मिमीचा करून घेतला. नळकांड्याला आजवर काही झालं नाही. पण पेटीचं वरचं तोंड दुसऱ्याच महिन्यात वाकलं आणि दार बसेना. आता फटीतून नको तेवढी हवा जाते आणि विस्तव आपल्या मनानं भडकतो. म्हणजे जाडी लागते ती पेटीला. विस्तव तिथंच असतो.

पण माझी मोठी चूक जाडीची नव्हतीच. पेटी आणि नळकांडं यांच्यामधलं भोक! वेल्डरनं स्वतःच्या डोक्यानं चार इंची गोल पाडलं, जेमतेम ८० चौरस सेंटिमीटर. मीही बघितलं नाही. पहिल्याच दिवशी पाहुणे बोलावले. विस्तवाला ओढच मिळेना, लाकडं नुसती घुसमटत राहिली आणि धुराड्यातून पांढराफटक दाट धूर. सहा तासांनी कोंबड्या निघाल्या त्या चपलेसारख्या काळ्या, वर चिकट थर. सासऱ्यांनी एक घास घेतला, म्हणाले "डांबर चांगलं मुरलंय" आणि कांदा-भाकर खाल्ली. तो थर म्हणजे अर्धवट जळालेल्या लाकडाचं काजळ-तेल. चांगल्या विस्तवाचा धूर पातळ, निळसर असतो, कधी कधी तर दिसतही नाही.

नंतर गॅस कटरनं भोक वाढवून अर्धचंद्रासारखं केलं, अडीचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तोच स्मोकर, तीच लाकडं, पण सगळं बदललं. तुमच्या मापालाही निदान एवढं ठेवा. आणि धुराडं पाच इंची घ्या, तीन फूट उंच, त्याचं आतलं तोंड जाळीच्या पातळीला आणा. वर छताला लावलं की गरम हवा मांसाला न शिवताच पसार होते.

प्रतिसाद २

दादा, परभणीहून. लोखंडाचं मला काही कळत नाही, पण चूल आणि जळण कळतं. तुम्ही एवढं लिहिलंत, जाळणार काय ते लिहिलंच नाहीत.

आपल्याकडं सहज मिळते ती वेडी बाभूळ. टेक्ससचं मेस्किट हे तिचंच भावंड, एकाच कुळातलं. पण तिकडंसुद्धा मेस्किट जपून वापरतात, कारण जाळ तिखट आणि धूर उग्र. लांबच्या शिजवणीला त्याचे आधी वेगळे निखारे करतात. तुम्हीही तसंच करा, नाहीतर मटणाला धुराचा ठसका राहील. साधी बाभूळ चालते. तुम्ही जालन्याचे म्हणजे सोन्याहून पिवळं, मोसंबीच्या जुन्या बागा निघतात त्यांची लाकडं सांगून ठेवा. मोसंबी, पेरू, आंबा यांचा धूर सौम्य. फक्त नुकतीच फवारणी झालेली बाग नको. कडुनिंब घेऊ नका, आणि कण्हेरीची काडीसुद्धा जळणात जाऊ देऊ नका, ती विषारी आहे. रंग दिलेलं फर्निचर, खोक्याच्या फळ्याही नकोत.

लाकूड मनगटाएवढं फोडून एक अख्खा उन्हाळा वाळवा. आपलं ऊन एवढ्या तरी कामाला येऊ द्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, टणटण वाजलं तर वाळलं. ठप्प आवाज आला तर परत उन्हात. स्मोकरखाली ती फळी मात्र नक्की लावून घ्या, पुढचं जळण तिथं गरम राहतं आणि पेटीत टाकल्यावर धूर न करता पेट घेतं.

अजून एक. उस्मानाबादी बोकडाला चरबी कमी. रान सुकेल, आधी खांद्यावर हात बसवा. रात्री मीठ लावून ठेवा. आतलं तापमान ७५च्या आसपास आलं, रंग धरला की केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळा. मग ९३-९५ला नेलं की हाड हातानं निघतं. कोंबडीला तेवढं नको, ७५ला काढा.

धागाकर्ता

ताई, जळणाचं खरंच डोक्यात नव्हतं! चुलतभावाची अंबडच्या बाजूला मोसंबी आहे, आजच फोन केला. म्हणाला झाडं नाही काढणार, पण छाटणीतल्या जाड फांद्या ने.

लातूरकर भाऊ, ते भोक मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय. रिव्हर्स फ्लोचं आणि थर्मामीटरचं कुणीच बोलेना.

प्रतिसाद ३

मी संभाजीनगरला वाळूजमध्ये फॅब्रिकेशनच करतो, त्यामुळं आमच्या जातभाईची बाजू घेत नाही, खरं सांगतो.

रिव्हर्स फ्लो सोडा. मोठ्या लांबीच्या, केटरिंगच्या यंत्राला ठीक. तुमच्या एक मीटरमध्ये पेटीकडचं टोक गरम आणि धुराड्याकडचं थोडं कमी राहणारच, आणि त्याचा फायदा घ्यायचा असतो. गरम बाजूला कोंबडी, दुसरीकडं खांदा. ती वीस किलोची प्लेट तापायला वेळ घेते, जळण जास्त खाते आणि तिच्यावर साचलेली चरबी खरवडणं हे वेगळंच काम.

पेटी ६ मिमीच ठेवा. नळकांडं ४ मिमी पुरे. मग ९२च्या जागी ६१ किलो, पेटीसकट १०६, म्हणजे पावणेचौदा हजार. उरलेल्यात पाय, चाकं, जाळ्या बसतात. पण आधी भंगारात फिरा. जालन्यात लोखंडाला काय तोटा! १८-२० इंची पाईपचा तुकडा मिळाला तर पत्रा गोल वळवायची (रोलिंगची) कटकटच नाही. जुन्या कॉम्प्रेसरची टाकीही चालते. पाणीपुरवठ्याचा पाईप असेल तर बिल मागा, आणि आत डांबर किंवा इपॉक्सीचा थर असेल तर घेऊच नका. गॅल्व्हनाइज्ड काहीही नको, तापलं की जस्ताचा विषारी धूर निघतो. गॅस सिलिंडर कापायला कुणी सांगितलं तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. जीव जाईल, आणि सिलिंडर तुमचा नसतो, कंपनीचा असतो.

दार कापताना तुमच्या वेल्डरवर उभे राहा. दाराच्या तीन बाजू पूर्ण कापून मग बिजागरी लावली की पाईप ताण सोडतो आणि दार बशीसारखं उघडतं, परत कधी बसत नाही. आधी बिजागरीची बाजू कापायची, बिजागऱ्या वेल्ड करायच्या, मग बाकीच्या बाजू. कडेनं आतून एक इंची पट्टी फिरवायची, धूर तिथंच अडतो.

थर्मामीटर झाकणावर वर लावू नका, तिथं आकडा जास्त दिसतो. जाळीच्या पातळीला, दोन टोकांना दोन. चरबी निघायला नळकांड्याच्या तळाला एक इंची सॉकेट आणि बॉल व्हॉल्व्ह (तोटी), त्या बाजूला पाव-अर्धा इंच उतार. आणि पेटीच्या दाराला खाली हवेची सरकती खिडकी. बाकी हँडलला स्प्रिंग, पुढं लाकडी फळी, नावाची अक्षरं, हे सगळं किलोवर पैसे घेणाऱ्याचं सुख आहे.

रंग पेटीवर टिकतच नाही, हीट रेझिस्टन्ट असला तरी. बिडाच्या तव्यासारखं करा. चांगलं तापवून जवसाचं तेल पातळ पुसायचं, दोन-तीनदा. पावसाळ्यात ताडपत्री, पण खाली हवा राहू द्या.

धागाकर्ता

दादा, साष्टांग. काल तुमचा प्रतिसाद मोबाईलवर दाखवला तर आमचा वेल्डर आधी गप्प बसला, मग म्हणाला, "हे लिहिणारा आमच्यातलाच दिसतोय."

एमआयडीसीत एका भंगारवाल्याकडं अठरा इंची, ६ मिमीचा पाईप सापडला, सव्वा मीटर, बिलासकट, आत कोरा. मी वाकून आत बघितलं तर मालकानं विचारलं काय करणार. सांगितलं. त्यानं भावात काहीच सोडलं नाही, पण उद्घाटनाला बोलवा म्हणाला.

म्हणजे नळकांडं अठरा इंची, रिव्हर्स फ्लो नाही, पेटी ६ मिमी, भोक अर्धचंद्र, धुराडं पाच इंची, दोन थर्मामीटर, तोटी, फळी, चार चाकं (दोन फिरती, ब्रेकवाली).

एक शंका राहिली. पेटीचा वरचा भाग सपाट ठेवणार आहे, चहाचं भांडं ठेवता येईल म्हणून. आईनं काल सहज विचारलं, त्या पेटीवर वांगं भाजलं तर चालेल का, की ती पण मांसाच्याच बाजूची धरायची? मी म्हणालो ती फक्त विस्तवाची बाजू. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. तोवर वरची प्लेट सुटी, उचलून धुता येईल अशी करून घेऊ का पक्की वेल्ड करू? सुटी केली तर कडेनं धूर गळेल का? वाळूजवाले दादा, एवढं सांगा, परवा कटिंगला टाकतोय.

प्रतिसाद ४

वेल्डच करा, सुटीतून ओढ मरते. वरून ५ मिमीचा वेगळा तवा ठेवा, फक्त आईंचा. वजन सात-आठ किलो, हजार रुपये. हा खर्च मात्र टाळू नका.