‘घड्याळ काढून ठेवा आणि सत्तरीत या’ या लेखाला उत्तर

वाळपईकर:
गेल्या आठवड्यात निळीखिडकी यांनी इथे लेख टाकला होता. ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी दोन ओळींत सांगतो. बाई पुण्याच्या. महिनाभर गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात घर भाड्याने घेऊन राहिल्या. मोबाइलला रेंज नव्हती, घड्याळ काढून ठेवले, ओहळाच्या काठी बसून तीन वर्षे अडलेली चित्रे पुरी केली. इथवर माझी तक्रार नाही. चित्रे मी पाहिली, चांगली आहेत. पण शेवटी त्या लिहितात की इथली माणसे वेळेच्या बाहेर जगतात, शहरातल्यांनी त्यांच्याकडून थांबायला शिकावे. हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना.

बाई, तुम्ही आलात ऑक्टोबरात. फेब्रुवारी ते मे येऊन बघा. काजूचे बोंड आम्ही झाडावरून काढत नाही, पिकून पडलेले वेचतो. पडले की त्याच दिवशी वेचायचे, बी वेगळी करायची आणि मळायला घालायचे, नाहीतर नासते. पहाटे उठून डोंगर चढायचा, कारण दहानंतर ऊन उभे राहू देत नाही. दुपारी कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, बोंडे तुडवायची, रस आंबायला ठेवायचा, रात्री दारू गाळायच्या भाटीला जाळ. जाळ जास्त झाला तर हुर्राकाला, म्हणजे पहिल्या धारेच्या दारूला, जळका वास येतो, कमी झाला तर उतरतच नाही. त्यामुळे भाटीपासून माणूस हलत नाही. त्या चार महिन्यांत माझी बायको एक रात्र पुरी झोपत नाही. घड्याळ हातात नसते हे खरे, पण ऊन कुठल्या दगडावर आले यावर आमचा प्रत्येक तास बांधलेला असतो.

आणि सुचण्याचे म्हणाल तर माझी आई चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधते ती येऊन बघा. कवंडाळ, कांगले, घागऱ्या, माट्टी, सुपारीचे घड, एकेक फळ तिला कुठे शेजारी लावायचे ते दिसते. तिला कोणी शिकवले नाही. वर्षभर लाकडांना आणि गुरांच्या मागे रानात जाताना कुठल्या वेलीला कधी फळ धरते ते तिच्या डोळ्यांत बसलेले आहे. निसर्गातून सुचते, मान्य. पण ते राबून सुचते. महिनाभर बसून जे सुचते ते तुमच्या आतलेच असते, रान फक्त शांत जागा देते.

निळीखिडकी:
वाळपईकर, तुमचे पहिले म्हणणे मान्य. ‘वेळेच्या बाहेर’ हे शब्द चुकले. मी ज्या घरात राहिले तिथल्या काकी पहाटे चारला उठायच्या, त्यांच्या आवाजाने मला जाग यायची, आणि तरी मी ते वाक्य लिहिले. लाज वाटते आहे.

पण बाकीचे मी मागे घेणार नाही. मी आले तेव्हा चार महिने माझा हात कागदावर नीट चालत नव्हता. संगणकापुढे बारा बारा तास बसून डोळ्यांना जवळचे आणि लांबचे यातला फरक कळेनासा झाला होता. पहिले आठ दिवस मी ओहळाकाठी नुसती रडले. नवव्या दिवशी एका दगडावरच्या शेवाळाचे तीन वेगळे हिरवे रंग दिसले. ते आधीही तिथेच होते, मला दिसत नव्हते. तुमच्या आईला रानाने चाळीस वर्षांत जे दिले ते मला महिन्यात मिळाले असे मी कुठेही म्हटलेले नाही. पण जे मिळाले ते खोटे नव्हते. तुम्ही राबता म्हणून दुसऱ्याने बसूच नये का?

आणि बाकीबाब, आपले कवी बा. भ. बोरकर? त्यांच्या बोरी गावची नदी आणि माड त्यांच्या कवितेतून काढले तर काय उरेल?

वाळपईकर:
बाकीबाब पोटासाठी बरीच वर्षे शाळेत मास्तर होते, पुढे आकाशवाणीत नोकरी केली. नदी त्यांना जाता-येता भेटली. महिन्याच्या भाड्याने नाही.

पानवेल (फोंडा):
शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मधे पडतो. दोघेही अनुभवावर बोलताहात, थोडे प्रयोगांकडे बघू. 2012 मध्ये अमेरिकेत स्ट्रेयर आणि अ‍ॅचली यांनी 56 जणांवर अभ्यास केला. हे लोक चार ते सहा दिवसांच्या रानातल्या पदयात्रेला निघालेले, सोबत फोन नाही. काहींना निघण्याआधी शब्दकोडी सोडवायला दिली, काहींना चौथ्या दिवशी. चौथ्या दिवशीच्या गटाने सुमारे 50 टक्के जास्त सोडवली. निळीखिडकींच्या बाजूचा पुरावा म्हणून हा सगळीकडे फिरतो.

पण अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच कबूल केले आहे की हा फरक रानामुळे पडला की फोन सुटल्यामुळे, हे त्यातून कळत नाही. उलट 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी माणसांना कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालत्या पट्ट्यावर चालवले, तरी बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त कल्पना सुचल्या. म्हणजे निदान त्या प्रयोगात काम पायांनी केले. झाड समोर नव्हतेच.

रातपाळी:
पानवेल सर, तुमच्या भिंतीबद्दल वाचून राहवले नाही. मी परिचारिका आहे. सोळा वर्षे वॉर्डात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. घर नदीपलीकडे चोडण बेटावर. सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर येते तेव्हा पाय सुजलेले असतात आणि कानात अजून यंत्रांचा आवाज असतो. फेरीबोट नदी ओलांडते तेवढाच वेळ माझा. मी कठड्याला टेकून उभी राहते, समोर खारफुटी, ओहोटी असेल तर चिखलावर बगळे. काही करत नाही. एका रात्री माझ्या हातावर सात वर्षांचा मुलगा गेला. त्या सकाळी पहिली फेरी सोडली, दुसरी सोडली, तिसरीत चढले. नदी मध्ये नसती तर मी तशीच घरात शिरले असते आणि माझ्या मुलांशी काय बोलले असते ते देवाला ठाऊक.

उलरिच यांचा 1984 चा अभ्यास आम्हाला शिकवला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा लवकर घरी गेले, दुखण्याची जोरदार औषधे कमी लागली. त्यातले रोगी चालत नव्हते, सर. खाटेवर पडून होते. वाळपईकर भाऊ, ते राबतही नव्हते.

पानवेल (फोंडा):
ताई, त्यात रोग्यांच्या 23 जोड्या होत्या फक्त. पण बरोबर आहे, तिथे पायांचा प्रश्न येत नाही. ‘पायांनी केले’ हे मी घाईत लिहिले.

खाणपट्टा:
संथ जगणे, संथ जगणे. आमचे जगणे 2012 मध्ये संथ झाले, कोणी विचारले नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन ट्रक दारात उभे राहिले. कर्जाचा हप्ता संथ झाला नाही. सकाळी उठून अंगणात बसायचो, समोर हिरवागार डोंगर, पक्षी, सगळे. डोक्यात एकच आकडा फिरायचा. निसर्ग तोच होता, मला त्यात काय सुचले? ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च आहे त्यालाच ओहळ ऐकू येतो.

निळीखिडकी:
याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या खात्यात तेवढे होते.

रातपाळी:
माझ्या खात्यात कधीच नव्हते, तरी ऐकू येतो. तुमचे दुःख लहान करत नाही, भाऊ. पण गरिबाला डोळे नसतात असे बोलू नका.

सांगेकर:
बाकीबाबांवर वाद घालताहात, मग गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे काय? जन्म 1904, कुर्डी, आमच्या सांगे तालुक्यात. नदीकाठचे गाव, चारी बाजूंनी डोंगर, भातशेती, माड, फणस. रान आणि नदी माणूस घडवते हे खरे असेल तर त्या तिथेच घडायला हव्या होत्या. पण आईने त्यांना लहानपणीच गावाबाहेर नेले, नाटक मंडळीत घातले. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली ती सांगलीत आणि मुंबईत. गाणे बंद खोलीतल्या रियाजात घडले, गुरूच्या पायाशी, हालअपेष्टांत. कुर्डीने त्यांना आडनाव दिले.

आणि ती कुर्डीसुद्धा आता नाही. 1986 पासून साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. माझे वडील तिथले.

निळीखिडकी:
गाव मेमध्ये पाण्याबाहेर येते ना? त्याचे फोटो पाहिले आहेत. फार विलक्षण जागा वाटली, तिथे जाऊन रेखाटने करायची आहेत.

सांगेकर:
तुमच्यासाठी जागा विलक्षण. माझ्या वडिलांसाठी ते अंगण आहे. धरण भरले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्हाला पुनर्वसन वसाहतीत प्लॉट दिला, घर स्वतः बांधायचे. माड नाही, फणस नाही, नुसती लाल माती. आजी तिथे चार वर्षे जगली आणि चारही वर्षे ‘घरी कधी जायचे’ विचारत गेली. ज्या पाण्यासाठी गाव दिले ते आमच्या नळाला कित्येक वर्षे आले नाही. आम्ही विहिरीवर. आणि आता मे महिन्यात लोक कॅमेरे घेऊन येतात, आमच्या चौथऱ्यांवर उभे राहून फोटो काढतात.

मडगावकर:
सांगेकर, दुःख समजते. पण दर वेळी साळावलीला शिव्या का? दक्षिण गोवा त्या पाण्यावर जगतो. 1986 च्या आधी उन्हाळ्यात आमच्या वाड्यावर टँकरची वाट बघत बायका रात्रभर बसायच्या. माझी आई त्यात होती. तीन हजार माणसांनी सोसले म्हणून लाखो माणसे पाणी पितात.

सांगेकर:
‘सोसले’ हा शब्द तुम्ही वापरू नका. सोसले आम्ही, प्यायलात तुम्ही. चाळीस वर्षांत मडगावातून एक माणूस वसाहतीत आला नाही, बाबांनो तुमचे कसे चालले आहे म्हणून विचारायला.

मडगावकर:
मी काय धरण बांधले? आठवीत होतो तेव्हा.

खाणपट्टा:
धरणाला एक न्याय, खाणीला दुसरा. धरणाने गाव बुडवले ते विकास, आम्ही ट्रक चालवला तर पर्यावरणाचे मारेकरी.

वाळपईकर:
खाणीचा गाळ ज्यांच्या भातशेतीत उतरला त्यांना विचारा. मेहरबानी करून तो विषय इथे नको, मी लिहिले होते काय आणि चालले आहे काय.

मडगावकर:
सांगेकर, रात्री पुन्हा वाचले. आमच्याकडून कोणी आले नाही हे खरे आहे. माझ्या घरीही या गावाचे नाव कधी निघाले नाही, नळ सोडताना तर नाहीच. धरण चूक होते असे मी म्हणणार नाही. पण एवढे मान्य.

सांगेकर:
ठीक.

मुद्द्यावर एक राहिले. वडील आता 81 वर्षांचे. दर मेमध्ये आम्ही त्यांना नेतो. सोमेश्वराची पूजा होते, जुनी कुटुंबे जमतात, ख्रिस्ती शेजारी त्यांच्या प्रार्थनेला येतात. वडील एरवी घरात चिडचिड करतात, टीव्ही लावून बसतात, कोणाचे ऐकत नाहीत. तिथे उतरले की बदलतात. भेगाळलेल्या चिखलातून न चाचपडता चालतात, इथे गोठा, इथे आंबा, इथे अमक्याची विहीर. झाडाचे एक पान नाही तिथे, नुसती खोडे. दगड आणि चिखल. तरी दोन तास ते पुरे तिथे असतात, दुसरीकडे कुठेच नसतात. मागच्या वर्षी मळणीचे गाणे म्हणाले, आम्ही कोणीच आधी ऐकले नव्हते. मी मोबाइलवर घेतले.

वाळपईकर, तुमच्या आईच्या माटोळीसारखेच आहे हे. पण त्यांच्या अंगात राबायची ताकद नाही आता, नुसते चालतात, उभे राहतात. मग राबूनच सुचते हे तुमचे कसे धरायचे?

वाळपईकर:
ते आधीच राबलेले आहेत त्या मातीत.

बरे, नुसते उभे राहूनही आठवते, हे धरतो. रातपाळी ताईंच्या फेरीबोटीवरही माझ्याकडे उत्तर नाही, ते आधीच लिहायला हवे होते. पण निळीखिडकींनी लेखातले ते वाक्य बदलावे, यावर मी ठाम आहे.

निळीखिडकी:
बदलले आहे. आता तिथे काकी पहाटे चारला उठतात, एवढेच आहे.

सांगेकर, कुर्डीला रेखाटनांसाठी येणार नाही. पण वडिलांचे ते गाणे ऐकायला मिळेल का? चालेल असे वाटत असेल तरच.

सांगेकर:
त्यांना विचारून सांगतो. ते हो म्हणाले तर मेमध्ये या, वही घरी ठेवून. दुपारी येऊ नका, सावलीला काही नाही. सकाळी सातच्या आत.

रातपाळी:
मोगूबाईंचे घर अजून ओळखू येते का हो तिथे?

सांगेकर:
वडील दाखवतात एक जागा. पाणी किती उतरते त्यावर आहे.