गोष्टीचा खेळ केला, पण मुलं वाचतच नाहीत

खडूफळा:
सातवीला विज्ञान शिकवते. जलचक्रावर ट्वाइनमध्ये (वाटा फुटणाऱ्या गोष्टी रचायचं संगणकावरचं साधन) खेळती गोष्ट रचली. मूल म्हणजे पाण्याचा थेंब, समुद्रातून निघून पुन्हा समुद्रात पोचायचं. प्रत्येक पानावर आधी प्रश्न ('बाष्पीभवन म्हणजे काय?'), उत्तर बरोबर आलं की दोन वाटा. तीन पायऱ्यांतच १५ पानं झाली, पाच केल्या असत्या तर ६३. वर्गात मुलं मजकूर न वाचता पर्याय दाबत सुटली आणि सात मिनिटांत सगळी समुद्रात परत. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर थेंब ढगात कसा गेला हे कुणालाच सांगता येईना. फार वाईट वाटलं. लिहिताना मी स्वतः इतकी रमले होते! चुकतंय कुठे?

पाऊलवाट:
तुमचा प्रश्न म्हणजे दारावरचं कुलूप आहे. ते उघडलं की मूल किल्ली टाकून पुढे जातं. विज्ञान निवडीतच असू द्या. 'तू डबक्यात आहेस. वर ऊन तापलंय, खाली माती भुसभुशीत. पृष्ठभागावर थांबतोस की झिरपतोस?' इथे चूक काहीच नाही, फक्त पुढचा प्रवास वेगळा. झिरपला तर भूजल, कदाचित एखाद्या झाडाचं मूळ, आणि पानावाटे पुन्हा हवेत.

पानं वाढू नयेत म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणा. ढगाचं पान एकच ठेवा, थेंब कुठून आला ते चलात (ट्वाइन लक्षात ठेवतं त्या नोंदीत) साठवा आणि तिथलं एखादं वाक्य त्यानुसार बदलू द्या.

सहा_बाजू:
मी हेच संगणकाशिवाय करते. वर्गाचे कोपरे म्हणजे समुद्र, ढग, जमीन, हिमनदी, आणि प्रत्येकाचा वेगळा फासा. समुद्राच्या फाशावर चार बाजूंना 'इथेच राहा', दोनांवर 'ढग'. थोड्या वेळाने समुद्रातली मुलं कुरकुरतात, "बाई, आम्ही इथून निघणार कधी?" पृथ्वीवरचं सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात आहे, हे मी तेव्हाच सांगते. त्या क्षणी ते कानावरून जात नाही.

'ओरेगॉन ट्रेल' हा अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या प्रवासाचा संगणकी खेळ १९७१ मध्ये इतिहासाच्या वर्गासाठी झाला, पडद्याविना, कागदावर छापणाऱ्या टेलिप्रिंटरवर. १९७४ मध्ये त्याच्या कर्त्यांपैकी एक, डॉन रॉविच यांनी स्थलांतरितांच्या रोजनिशा वाचून त्यातल्या संकटांचं प्रमाण बदललं. आपल्या फाशांनाही तसाच आधार हवा.

एक मात्र कराच: प्रत्येक फेरीची नोंद मुलांकडून लिहून घ्या आणि शेवटची पंधरा मिनिटं ती वाचायला ठेवा.

खडूफळा:
काल फासे घेऊन केलं. एक मुलगी हिमनदीत नऊ फेऱ्या अडकली. मला वाटलं, आता रडेल. तिने नोंदवहीत नऊ वेळा 'अजून बर्फ' लिहिलं आणि वाचनाच्या वेळी विचारलं, "बाई, उन्हाळ्यात हा फासा बदलायला नको का?" वर्ग त्यावर तास संपेपर्यंत भांडला. हिमनदीचा दुसरा फासा आता मुलंच करताहेत. त्यावर 'वितळ' किती बाजूंना लिहायचं, हे अजून ठरलेलं नाही.