बटण स्टार्ट गाडीच्या किल्लीचा सेल संपत आलाय, शनिवारी तोरणमाळला जायचंय, काय करू?

पांझराकाठ_धुळे
राम राम मंडळी. गाडी बटण स्टार्टवाली आहे, मॅन्युअल गिअर, चार वर्षं झाली घेऊन. आठवडाभर झाला मीटरवर किल्लीची बॅटरी लो असा मेसेज येऊन राहिला. थंडी आहे ना सध्या, तर सकाळी सकाळी हँडलवरचं बटण दाबलं तरी दार उघडत नाही, दोनचारदा दाबावं लागतं, आणि दुपारी तीच किल्ली एकदम बरोबर चालते. शनिवारी आईबाबा, बायको आणि अडीच वर्षांचा मुलगा असे सगळे शहाद्यावरून तोरणमाळला निघालोय, वर घाटात मोबाईलच्या रेंजचा काही भरवसा नसतो. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणे किल्लीचा पूर्ण सेट बदलावा लागेल, प्रोग्रामिंग वेगळं, आणि आकडा असा सांगितला की मी फोनच ठेवून दिला. खरंच सगळी किल्ली बदलावी लागते का? सेल घरी बदलला तर गाडी किल्लीला ओळखेल ना? आणि समजा वर गेल्यावर पूर्णच बंद पडली तर दार कसं उघडायचं न गाडी कशी चालू करायची, हे कोणी नीट सांगा. म्हातारी माणसं आणि लेकरू सोबत आहे म्हणून काळजी वाटते.

तापीतीर_ऑटोइलेक्ट्रिक (भुसावळ)
भो, किल्ली बदलायची काहीच गरज नाही. आत एक गोल चपटा सेल असतो, बहुतेक गाड्यांत सीआर २०३२, काही गाड्यांत सीआर २०२५. जुना काढा, नवा टाका, झालं. गाडी न किल्लीची ओळख ही किल्लीतल्या चिपमध्ये कायमची साठवलेली असते, सेल काढला म्हणून ती पुसली जात नाही, त्यामुळे प्रोग्रामिंगचा इथे विषयच येत नाही. किल्ली हरवली, पाण्यात गेली, बोर्ड फुटला तर गोष्ट वेगळी.

सकाळचं जे सांगितलं तेही बरोबर आहे. थंडीत सेल ढिला पडतो, त्यात तो संपत आलेला, म्हणून सकाळी अडतो न ऊन पडलं की परत चालतो. दुपारी चालली म्हणून अंगावर काढू नका, तोरणमाळची सकाळ धुळ्यापेक्षा गार असते.

आता मेन गोष्ट, ही सगळ्यांनीच लक्षात ठेवा. सेल शून्य झाला तरी गाडी चालू होते. तुम्ही हँडलचं बटण दाबता तेव्हा गाडी १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, किल्ली जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हे उत्तर द्यायला सेल लागतो. पण किल्लीत याशिवाय इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, एक चिप असते, तिला सेल लागतच नाही, बँकेचं टॅप करायचं कार्ड जसं मशीनच्या जवळ नेलं की त्याच्याच करंटवर चालतं तसं ती गाडीतल्या कॉइलच्या करंटवर चालते. फक्त अगदी चिकटवून धरावी लागते. म्हणून सेल संपला की किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवायची. ह्युंदाई, कियाच्या बऱ्याच गाड्यांत तर किल्लीच्या टोकानेच बटण दाबायचं असतं. काही कंपन्यांनी कॉइल गिअरजवळच्या खणात दिलीय, काहींनी स्टिअरिंगच्या कॉलमला, तुमच्या गाडीचं कुठे आहे ते डॅशबोर्डच्या खणातल्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं, आजच बघा आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, वर रेंज नसली तरी फोटो तर दिसेल.

दार उघडायला किल्लीच्या कडेला एक छोटी कळ असते, ती सरकवून ओढलं की आतून लोखंडी चावी निघते. ड्रायव्हरच्या दाराला कुलपाचं भोक असतं. ते दिसत नसेल तर हँडलच्या बाजूच्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं, टोपीला खालून एक बारीक खाच असते, तिच्यात चावीचं टोक घालून हळूच उचकटा. चावीने उघडल्यावर काही गाड्यांचा सायरन वाजायला लागतो, घाबरू नका, आत बसून किल्ली टेकवून स्टार्ट केली की बंद होतो. हे सगळं शनिवारच्या आधी घराच्या अंगणात एकदा करून बघा. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे, चार वर्षं ज्या कुलपात चावी गेली नाही ते कधी कधी जाम झालेलं असतं, आणि ते घाटात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

अजून एक. तुमची मॅन्युअल आहे म्हणजे क्लच पूर्ण तळाला दाबायचा, अर्धवट दाबला तर बटण दाबूनही नुसते लाईट लागतात. ऑटोमॅटिकवाल्यांनी ब्रेक दाबायचा, गाडी बंद असताना ब्रेक दोनचारदा दाबला की तो कडक होतो, मग हलका पाय ठेवून काम होत नाही, जोर लावा. लोकं इथेच अडकतात न समजतात की किल्ली गेली.

केळीबाग_रावेर
छान माहिती भाऊ. मी ऐकलंय चार्ज होणारे पण सेल मिळतात त्याच साईजचे, ते टाकले तर वारंवार बदलायची कटकटच नको ना?

गोलाणी_काउंटर (जळगाव)
रावेरवाले दादा, तो टाकू नका, कळकळीने सांगतो. चार्जवाला तो एलआयआर २०३२, दिसायला डिट्टो तसाच, पण फुल चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. किल्ली बनवलेली असते ३ व्होल्टच्या सेलसाठी. बोर्ड गेला की मग मात्र खरंच पूर्ण किल्ली घ्यावी लागेल. आणि साधा सीआर सेल चार्जरला लावायचा प्रयत्न तर अजिबातच करू नका, तो चार्ज होण्यासाठी नसतोच, फुटू शकतो.

धुळेवाल्या दादांसाठी. सेल घ्यायला जाताना किल्ली उघडून जुन्या सेलवरचा नंबर वाचून जा. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, पुढचा आकडा जाडीचा, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २५ म्हणजे २.५. व्होल्ट सारखेच म्हणून २०३२ च्या जागी २०२५ बसवून देणारे आहेत, पण तो आत ढिला राहतो, खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो न किल्ली मधेच चालते मधेच नाही. धुळ्यात आग्रा रोडला घड्याळवाल्याकडे नाहीतर मोबाईलवाल्याकडे सहज मिळेल. सुटा सेल घेऊ नका, पाकिटातला सीलबंद घ्या, तारीख बघून. मीटर असेल दुकानात तर मोजून घ्या, नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो.

बदलताना लोखंडी चावी काढली की तिथेच एक फट दिसते, तिच्यात चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून हलकेच फिरवा, कट्ट आवाज येऊन दोन भाग सुटतात. सेल काढायच्या आधी मोबाईलने फोटो काढा, अधिकची बाजू वर होती का खाली ते नंतर आठवत नाही. नवा सेल कडेला धरून बसवा, सपाट भागाला बोटाचा घाम तेल लागू देऊ नका. कडेने रबरी पट्टी असेल तर ती बरोबर खाचेत बसवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी.

सिस्टर_अमळनेर
दादा, घरात अडीच वर्षांचं बाळ आहे असं लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहिते. हा सेल बाळाच्या हाती लागता कामा नये, नवाही नाही आणि काढलेला जुना तर मुळीच नाही. जुना म्हणजे निर्जीव असं नसतं, किल्ली चालवण्याइतकी ताकद गेली तरी अन्ननलिका जाळण्याइतकी त्यात उरलेली असते. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो, तिथल्या ओलाव्यातून करंट वाहायला लागतो आणि २ तासांत आत गंभीर जखम होते. बाळ नुसती लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, आणि घरच्यांना वाटतं सर्दी झाली असेल.

गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, केळं भात खाऊ घालून खाली ढकलायचा प्रयत्न करायचा नाही, सरळ जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय आहे अशा दवाखान्यात न्यायचं आणि गेल्या गेल्या बटण सेल गिळलाय असं स्पष्ट सांगायचं. नाकात कानात घातला तरी तेवढीच घाई करायची. सेल बदलताना बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा, जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि लगेच उंचावर ठेवून द्या. आणि गाडीची किल्ली खेळायला देऊच नका, पडून तिचं झाकण उघडलं की सेल बाहेर.

पांझराकाठ_धुळे
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, ताई, तुमचं वाचून बायकोने आधी टीव्हीच्या छोट्या रिमोटचं झाकण तपासलं, त्यातही असाच सेल निघाला, त्याला आता स्क्रू लावून घेतोय. किल्लीत २०२५ निघाला, आग्रा रोडला मिळाला, बसवला, मेसेज गेला, आज थंडीत सकाळी पहिल्याच दाबात दार उघडलं. सेल बसवायच्या आधी लोखंडी चावीने दार उघडून बघितलं, कुलूप थोडं कडक होतं पण फिरलं, सायरनही वाजला, किल्ली बटणाला टेकवली तर गाडी खरंच सेलशिवाय चालू झाली. बाबा बाजूलाच उभे होते, त्यांनाही करायला लावलं.

एकच विचारायचं राहिलं, चार वर्षांत संपला म्हणजे लवकर संपला का? किल्ली आम्ही दाराशेजारी खुंटीला लावतो, गाडी भिंतीपलीकडेच उभी असते.

तापीतीर_ऑटोइलेक्ट्रिक (भुसावळ)
नाही भो, चार वर्षं म्हणजे उलट भरपूर चालला. पण खुंटी बदला. किल्ली गाडीच्या फार जवळ राहिली तर काही गाड्यांत दोघांचं बोलणं चालूच राहतं न सेल उगाच खर्च होतो, घरात आतल्या बाजूला दोनतीन मीटर लांब ठेवा. मोबाईलला चिकटून एकाच खिशात पण ठेवू नका, सिग्नलला अडथळा येतो, सेल चांगला असून किल्ली सापडत नाही असा मेसेज येतो. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर तर नकोच, आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर जातो, सेलची सहनशक्ती साधारण तिथपर्यंतच असते.

आणि कपाटातली दुसरी किल्ली? तिचा सेलही त्याच वयाचा आहे, न वापरताही उतरतो. तोही बदलून घ्या आणि तोरणमाळला ती किल्ली आईंच्या पिशवीत राहू द्या, गाडीत नको.